एकाच जागेची चार उत्तरं

शून्य पूर्णांक एकाहत्तर.
परत बटण दाबलं: चौऱ्याण्णव.
परत: एक पूर्णांक अडतीस.
मग पुन्हा एकाहत्तर,
जसं मधे काही घडलंच नाही.

ब्लायनाउची ही शेवटची गल्ली.
मागे पाटीच्या दगडाचा ढीग, घरांहून उंच,
पावसात शिशासारखा चकाकणारा.
घर मिसेस पेन्रींचं. पाण्याचा हीटर नवा,
त्याची वायर आम्हीच ओढली काल.
तिथे प्लग नाही, नुसते स्क्रू,
त्यावर टेकवायची टेस्टरची दोन टोकं
आणि वाट पाहायची.

बाई चहा ठेवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "झालं का?"
"होतंय."
चाळीस वर्षं हाच शब्द पुरवून वापरतोय.

यंत्राचा संशय आला
तर त्याची उलटतपासणी ओळीनंच घ्यावी लागते.
आधी बॅटऱ्या. सहाच्या सहा नव्या.
मग वायरी: टोकाला टोक लावून
त्यांचा स्वतःचा अडथळा मोजला, वजा केला.
मापायला निघताना आपण जे सोबत नेतो
ते आधी वगळायचं,
हे नेरिसला मी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं,
जरा मोठ्या आवाजात.
टोकांवरचा काळा थर पॉलिश पेपरनं घासला.
वायर मुळाशी वाकवून पाहिली;
आत एखादी तार तुटली असली की आकडा उडतो.
उडाला नाही.
वीज बंद करून झाकण काढलं: स्क्रू आवळलेले,
तांबं लख्ख, अर्थची हिरवी-पिवळी जागच्या जागी.
पलीकडच्या घरात कुणी किटली लावली,
भिंतीला कान लावून आम्ही तीही उकळू दिली.

चौऱ्याण्णव. एकाहत्तर. एक पूर्णांक बारा.

गाडीत जाऊन वही काढली.
माझ्या गॅरेजच्या बोर्डावर एक जागा आहे,
दर महिन्याच्या एक तारखेला मोजायची,
म्हणजे टेस्टर शुद्धीवर आहे ना, कळतं.
बेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस.
तीन वर्षं अशी, शहाण्या पोरासारखी.
मार्चमध्ये एक्कावन्न. एप्रिलमध्ये साठ.
मे महिन्यात परत बेचाळीस.
शेजारी माझ्याच अक्षरात: 'लाइनवर गडबड?'
प्रश्नचिन्ह जरा वेडंवाकडं.

मी ते प्रश्नचिन्ह बराच वेळ पाहिलं.

आत आलो तर नेरिस म्हणाली, "द्या इकडे, इद्वल."
टोकं तिनं टेकवली.
एकाहत्तर.
एकाहत्तर.
एकाहत्तर. पाच वेळा तेच,
खाटकाच्या तराजूसारखं, न लाजता.

ती माझ्या हाताकडे पाहील असं वाटलं.
नाही पाहिलं. पडद्याकडेच पाहत राहिली,
गरजेपेक्षा थोडं जास्त.
मग पिशवीतून मगरतोंडी चिमटे काढले,
लाल एक, हिरवा एक,
स्क्रूंना चावू दिले, आणि म्हणाली,
"हे लावू या आपण यापुढे. सोपं पडतं."
कुणाला, ते बोलली नाही.

बटण मी दाबलं.
एकाहत्तर.

फॉर्मवर रकाने पुष्कळ: वायरीची जाडी,
फ्यूजचा प्रकार, ओहम, टेस्टरचा क्रमांक.
वायरींचं वजा करता येतं, कारण ते रोज तेवढंच असतं.
हे मात्र सकाळी एक, जेवणानंतर दुसरं,
आणि कुणी पाहत असलं की तिसरंच.

नेरिसनं कागदाखाली पाटीचा तुकडा धरला, घट्ट.
सही माझीच लागते. केली.
'ल' थोडा लांबला.

"यंत्र बिघडलं होतं का हो?" मिसेस पेन्री.
मी तोंड उघडायच्या आत
नेरिस वायरी गुंडाळत म्हणाली,
"नाही. यंत्र चांगलं आहे."

चहा पार गार झाला होता.
कप दोन्ही हातांनी धरून
मी तो शेवटपर्यंत प्यायलो.